एक आकडा तपासायचा होता

निवृत्तीच्या वर्षी आलेलं ते पत्र मला अजून पाठ आहे. बंदराचा पर्यावरण अहवाल करणाऱ्या खात्याने आमच्या मत्स्य खात्याला विचारलं होतं, धक्का बांधल्यावर खाडीतल्या शिंपल्या जगतील का? शिंपल्यांचा अभ्यास केलेला मी एकटाच. 'जगणार नाहीत' असं उत्तर लिहिलं, पण एक आकडा पुन्हा तपासू म्हणून ते न पाठवता एका पुस्तकात ठेवलं, ते तिथेच राहिलं.

काल गावातल्या जनसुनावणीत अधिकाऱ्याने अहवाल वाचला. "मत्स्य खात्याच्या तज्ज्ञांकडून तीस दिवसांत उत्तर नाही, सबब हरकत नाही." पुढे माझं नाव.

शेजारी बसलेली, शिंपल्या काढणारी नागूबाय माझ्याकडे वळली. "भाऊ, धा वर्सं माज्याच होडीतून शिंपल्या मोजल्याव ना? मंग गप का ऱ्हायलाव?"

"खात्री नव्हती, बाय."

"आन् त्यांना हाय?"

लेखी हरकतींना आठवडा बाकी होता. आज सकाळी तेच उत्तर काढलं, त्या आकड्याआधी 'अंदाजे' लिहिलं, सही केली आणि रजिस्टर टपालाने पाठवलं.