गैरहजर

"मेलेल्या माणसांनी ग्रामसभेत मत देऊ नये," असा ठराव द्वारकाबाईंनी मांडला. सभेला कधीच पुरेशी माणसं जमत नसत, म्हणून पंचायतीने यंत्र आणलं होतं. ते गैरहजर माणसाचा स्वभाव ओळखून त्याच्याच आवाजात मत देई. माणूस मेला, तरी यंत्र त्याला गैरहजरच धरी.

हजर होते त्या सगळ्यांनी हात वर केले. मग यंत्राच्या कर्ण्यातून कुणाची सासू, कुणाचा भाऊ "विरोध, विरोध" म्हणू लागले. बायांनी तोंडाला पदर लावले.

शेवटी ओळखीचा खोकला आला. द्वारकाबाईंचा नवरा जिवंतपणी सभेत कधी अवाक्षर बोलला नव्हता.

"द्वारके, मला दुसऱ्यांदा जाळायला निघालीस होय गं?"

द्वारकाबाईंचा हात खाली आला. ठराव त्या एका मताने पडला.