बाबांचा ठेका

“फ्रिज बंद केलाय गं!” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “पंखाही. आता मी श्वास घेतला तर चालेल ना?”

“हळू घे,” बाबा म्हणाले.

लेकीने हसू दाबलं. कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं सताड उघडून तिने बाबांना त्याच्यासमोर स्टुलावर बसवलं होतं. आतले कोट आणि शाली खोलीतला घुमारा पिऊन टाकतात, हे तिला कामावरून ठाऊक होतं. बाबांच्या मांडीवर गिटार होती. गिटारपासून वीतभर अंतरावर माइक होता आणि हेडफोनमधून ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक थेट त्यांच्या कानात जात होती.

गाणं बाबांच्या तरुणपणीचं. लोकगीताची चाल आणि खाली गिटारचा साधा ठेका. त्या काळी ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं. बाबा सुतार, दिवसभर रंधा मारून घरी आले, की हात धुऊन आधी हेच वाजवायचे. आता उजवा हात थरथरत होता. करवत त्यांनी आपणहून खाली ठेवली होती. गिटार अजून वर्षभर वाजवता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते, तेही नक्की सांगता येत नाही असं जोडून. तेवढ्या काळात हे गाणं एकदा नीट टिपून ठेवायचं होतं.

अकराव्या खेपेला बाबांचा घाम हनुवटीपर्यंत आला.

“झालं बाबा. बास. आता माझं काम.”

तिचं काम म्हणजे दुसऱ्यांची रेकॉर्ड केलेली गाणी स्वच्छ करणं. दुपारी जेवणं उरकून ती संगणकासमोर बसली. पडद्यावर तारांवरचा प्रत्येक ठोका छोट्या टेकडीसारखा दिसत होता आणि तालाच्या उभ्या रेघा एकसारख्या आखलेल्या होत्या. बाबांची एकही टेकडी रेघेवर नव्हती. काही केसभर मागे, काही चांगल्या बोटभर. तिने पहिली उचलून रेघेवर ठेवली. मग दुसरी. थरथरीमुळे बोट जिथे तारेला दोनदा लागलं होतं, तिथला दुसरा आवाज तिने कापून टाकला. शाळेत निघालेल्या मुलाची चुकीची लागलेली बटणं आपण सोडून पुन्हा लावतो ना, तितक्या मायेने ती हे करत होती. चार तास गेले. मग मेट्रोनोमच्या तालावर तिने गाण्याचे शब्द स्वतःच्या आवाजात भरले, गिटारचा आवाज किंचित डाव्या कानाकडे सरकवला, स्वतःचा मधोमध आणला, थोडा घुमारा दिला आणि दोघांना हाक मारली.

आई ओले हात पुसत दारात उभी राहिली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“झकास,” ते म्हणाले. “कोणी वाजवलंय?”

“अहो, असं काय करता? तुम्हीच की!” आई म्हणाली.

“छे. हा गडी कुठे अडतच नाही.”

थट्टा असेल असं वाटून लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. रागही नव्हता. शिकाऊ माणसाने केलेला लाकडाचा सांधा हात फिरवून तपासताना असावा, तसा त्यांचा चेहरा होता.

“काम चोख आहे पोरी. पण माझं नाही. माझं नाव नको लावूस त्याला.”

“मी फक्त ठोके जरा सरकवले, बाबा. मोठमोठ्या लोकांचे सरकवते. कुणाला कळतही नाही.”

“मला कळलं.” ते थांबले. “माझा हात ऐकायला लाज वाटते का तुला?”

“लाज कसली?” ती म्हणाली. “भीती वाटते.”

“ती मलाही वाटते,” बाबा म्हणाले. आईने ओला पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तिथेच टेकून उभी राहिली.

लेकीने सकाळचं मूळ रेकॉर्डिंग उघडलं आणि त्यावर आपला आवाज लावून पाहिला. जुळेना. तिचा शब्द पुढे निघून जायचा, गिटार मागून यायची. एकाच रस्त्याने निघालेली दोन माणसं एकमेकांवर रुसल्यासारखी. सवयीने तिचा हात पुन्हा पहिल्या टेकडीकडे गेला. तिथून तो मागे आला. तिने स्वतःचा आवाज निवडला आणि पुसून टाकला.

“बाबा, हेडफोन घालू नका. परत बसा.”

“आणि ताल?”

“तुमचाच.”

तिने टिकटिक बंद केली, संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवला आणि दुसरं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. मध्ये फक्त माइक. दोन्ही आवाज आता त्या एकातच जाणार होते. नंतर वेगळे काढता येणार नव्हते.

बाबांनी सुरुवात केली. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात ठेका लंगडला, तीही त्याच्याबरोबर लंगडली. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर हात तारांच्या वर येऊन अडला आणि हवेतच थरथरत राहिला. पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने तो धरून ठेवला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्या बोटांकडे पाहत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून, घाई नसलेल्या माणसासारखी.

बोट तारेवर उतरलं. मग तिने शब्द सोडला.