काट मारलेली किंमत

किमतीवर मारलेली रेघ आकड्यांच्या बरोबर मधून जात नव्हती. ती किंचित वर होती. त्यामुळे जुनी किंमत खोडल्यासारखी न दिसता छपराखाली उभी राहिल्यासारखी दिसायची. बारकीने हे पहिल्या सेलच्या दिवशीच टिपलं होतं. तेव्हा ती रेघ आठवडाभरात जाईल असं तिला वाटलं होतं. आता रेघेशिवायची किंमत शेवटची कधी पाहिली, ते आठवावं लागत होतं.

"मूळ किंमतच निम्मी करून टाकू," दादा म्हणाला. "कायमची. नाहीतरी ती आता काट मारण्यापुरतीच उरलीय."

दादाच्या घराच्या मागच्या खोलीत दोघं बहीणभाऊ बसले होते. कंपनी म्हणजे ही खोली, दोन टेबलं आणि सहा वर्षं खपून बनवलेला एक व्हिडिओ गेम. त्यात एक शहर पाण्याखाली गेलेलं असतं. खेळणाऱ्याने दरवाजे शोधायचे आणि एकेक मजला करत पाणी उतरवायचं. पाणी बारकीचं होतं. त्यातला प्रत्येक भोवरा तिने गणित मांडून फिरवला होता. ऑनलाइन दुकानात विकण्याची बाजू दादाची.

"निम्मी केलीस की सेल त्याच्याही निम्म्यावर लागेल," ती म्हणाली. "मग लोक त्याची वाट बघतील."

"वाट तर आत्ताही बघतात. सेल एक दिवस थांबवला की सामसूम. सवय आपणच लावली ना?"

"मग वर्षभर सेलच नको. ज्याला खरंच हवाय तो पूर्ण किमतीला घेईल."

"आणि कोणीच नाही घेतला तर?"

पंप बनवणाऱ्या एका कारखान्याने बारकीला प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती. त्यांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. गेम लोकांना हवा असेल तर ती इथे राहणार होती, दुसरा भाग करणार होती. नसेल तर कंपनीला कुलूप. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच गेले कित्येक महिने दोघंही फक्त किमतीबद्दल बोलत होते.

वहिनी चहा घेऊन आली. काखेत तिचा लॅपटॉप होता.

"झाला का लिलाव?" तिने विचारलं. "एक सांगू? रोज भाव उतरवणाऱ्या दुकानात मी तरी आधी माल हुंगून बघते."

"माल खणखणीत आहे," दादा म्हणाला. "हिला विचार. पूर्वी रोज कोणी ना कोणी शिव्या घालायचं."

ते खरं होतं. पूर्ण किमतीच्या दिवसांत लोक पानंच्या पानं लिहायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात पाणी तुंबतं. माणूस कठड्यात अडकतो. पैसे परत करा. एका आजींनी तर तो जिना कागदावर काढून, कुठे अडकायला होतं तिथे फुली मारून पाठवला होता. बारकी प्रत्येकाला उत्तर द्यायची. मागच्या उन्हाळ्यात, मोठ्या सेलच्या आदल्या दिवशी, तिने तो जिना दुरुस्त केला आणि गेम नव्याने दुकानात चढवला.

त्यानंतर जिन्याची तक्रार आली नाही. कसलीच आली नाही. विक्री मात्र वाढली.

"तेव्हापासून साडेचार हजार प्रती गेल्या," दादा म्हणाला, "आणि एकाचीही कुरकुर नाही. असं काम दाखव मला दुसरीकडे."

बारकी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. नोकरीसमोरच्या पारड्यात तिच्याकडे ठेवायला एवढंच होतं.

"मग मीही घेतेच एक," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हा दोघांची सुतकी तोंडं बघितली, गेम काही बघितला नाही."

"अगं, विकत कशाला? माझ्या कॉम्प्युटरवर आहे की," दादा म्हणाला.

"नको बाबा, तुझे उपकार नकोत. सेल चालू आहे तोवर घेते. घरचे असलो म्हणून काय झालं, आम्हालाही स्वस्तातच आवडतं."

गेम लॅपटॉपवर उतरायला थोडा वेळ लागला. वहिनीने बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली.

"पाण्याखाली एवढा अंधार असतो?"

"तुझा लॅपटॉप म्हातारा झालाय," दादा म्हणाला.

"घरात तो एकटाच नाही झाला."

बारकीने लॅपटॉप आपल्या टेबलावर ओढून घेतला. बंद करून पुन्हा सुरू केला. मग आपल्या कॉम्प्युटरवरही तिने दुकानातली प्रत उतरवायला लावली. या खोलीत ती आजवर कोणी उतरवली नव्हती. गेम इथेच तर बनत होता.

दादाने तोवर किमतीचं पान उघडलं, नवा आकडा भरला आणि खुर्ची मागे सरकवली. "काय मग, बारके? दाबू?"

बारकी मागच्या उन्हाळ्यात दुकानात चढवलेल्या फायली एकेक करून तपासत होती. तिच्या चहावर साय धरली होती. वहिनीने एकदा कपाकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं.

"दुरुस्त होईल ना गं?" वहिनी म्हणाली. "लॅपटॉप म्हणतेय मी."

"लॅपटॉप चांगला आहे, वहिनी." बारकीचा आवाज नेहमीसारखाच होता. "दादा, राहू दे तो आकडा. मागच्या उन्हाळ्यापासून आपण विकतोय तो गेम सुरूच होत नाही. कोणाच्याच मशीनवर नाही. आणि साडेचार हजारांत एकानेही तक्रार केली नाही. आपण कंपनी बंद करूया."