मेट्रनबाईंचा राउंड

"चादर हटाइए," अलकनंदाबाईंनी फर्मावलं.

मॅनेजर राजवीरने टाय सावरत पलंगावरच्या म्हाताऱ्याच्या पायांवरची चादर वर केली. पडून पडून जखमा झाल्यात का, म्हणून बाईंनी वाकून दोन्ही टाचा पाहिल्या. नखं पाहिली. मग पडल्या जागेवरून म्हाताऱ्याच्या हाताला पाण्याचा ग्लास येतो का, तेही पाहिलं. येत होता. बाईंना जरा वाईटच वाटलं.

सगळी नोकरी लष्करी हॉस्पिटलांत करून बाई दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा राउंड निघाला की वॉर्डबॉयच काय, चांगले मिशाळ डॉक्टरही शर्टाची बटणं चाचपत. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची, मेजर सूर्यकांतरावांची, कूस एका हाताने कशी बदलणार? म्हणून हा शोध चालला होता.

गुडगावात तेव्हा काचेच्या टॉवरांबरोबर नर्सिंग होमंही उगवत होती. बाईंनी एकेकाला नापास करत आणलं होतं. एका ठिकाणी संगमरवर दृष्ट लागेल असा, पण फिनेलच्या आड मुताचा वास. दुसऱ्या ठिकाणी सगळे म्हातारे भरदुपारी एकजात गाढ झोपलेले. "गोळ्या घालून निजवतात मेले! माझा माणूस इथे? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!" असं म्हणून त्या टॅक्सीत बसल्या होत्या.

इथे मात्र आधी पेशंटला बघितल्याशिवाय खाट देत नाहीत, असं फोनवरच सांगितलं होतं. बाईंना ते आवडलं. अर्थात तसं दाखवलं नाही. आल्या आल्या सूर्यकांतरावांची चाकाची खुर्ची सिस्टर रिंकूने तपासणीच्या खोलीत नेली आणि बाई राउंडला निघाल्या.

त्यांची खरी परीक्षा शेवटची असे. "कोई तकलीफ?"

फौजेत या प्रश्नाला एकच उत्तर. पाय मोडलेला असो की डाळीत खडे असोत, जवान पडल्या पडल्या सावधान होऊन ओरडणार, "कोई तकलीफ नहीं, मैडम!" या उत्तराला बाई कधी भुलल्या नाहीत. नव्या नर्सांना त्या सांगत, "पोरींनो, ज्या वॉर्डात कुणालाच तकलीफ नाही, तिथे चादरी उचलून बघा. पेशंट तोंडावर तक्रार करतो ना, तो वॉर्ड चांगला. तिथे ऐकणारं कुणीतरी असतं."

घरी हाच प्रश्न नवराबायकोच्या थट्टेचा झाला होता. सकाळी चहा पुढे करत बाई विचारत, "कोई तकलीफ?" सूर्यकांतराव धड असलेला डावा हात कपाळाला लावून ठणकावत, "कोई तकलीफ नहीं, मैडम!" दोघंही खळखळून हसत. मग अंघोळ घालायला माणूस येई आणि बाई दाराबाहेरून हुकूम सोडत. आज सकाळीही तसंच झालं होतं.

"कोई तकलीफ?" त्यांनी आता पलंगावरच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"है क्यों नहीं!" म्हातारा उसळला. "ये रिंकू चाय में चीनी नहीं डालती. जेलर है जेलर!"

राजवीरचं तोंड उतरलं. शेजारच्या खाटेवरच्या आजींनीही उशीबद्दल गाऱ्हाणं सुरू केलं. म्हणजे इथे ऐकणारं कुणीतरी होतं. हे होम पास होत होतं. पास करायचं म्हणजे सूर्यकांतरावांना इथे ठेवून घरी एकटीने कुलूप उघडायचं. एवढं धैर्य काही फौजेने शिकवलं नव्हतं.

"पडदे मळलेत," त्या म्हणाल्या. पडदे स्वच्छ होते.

तेवढ्यात रिंकू दारात आली. "मैडम, ज़रा अंदर आइए."

तपासणीच्या खोलीत सूर्यकांतराव भिंतीकडे तोंड करून कुशीवर होते. रिंकूने त्यांना काही विचारलं नव्हतं, सरळ कूस बदलून पाहिलं होतं. कंबरेच्या खाली, माकडहाडावर, पडून पडून झालेली रुपयाएवढी जखम होती. कातडी फाटलेली, कडा काळपट. आजची नव्हे, बरीच जुनी.

बाईंनी वाकून जखम जवळून पाहिली. साऱ्या जगाच्या टाचा तपासत हिंडले आणि घरात दिव्याखाली अंधार!

"अहो, रोज विचारत होते ना मी! सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय झालं असतं?" सूर्यकांतराव भिंतीकडे बघतच म्हणाले. "मोडक्या हाताने मला उलटवत बसली असतीस. त्या अंघोळवाल्यालाही मीच गप्प बसवलं होतं. त्याला ओरडू नकोस."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिकडे रिंकूने कापसाचा बोळा औषधात बुडवून जखमेला लावला.

"आई गं!" मेजरसाहेब कळवळले. "धीरे, सिस्टर, धीरे! बहुत दुखता है!"

"दुखेगा ही, दादाजी. चिल्लाओ, जी भर के चिल्लाओ," रिंकू म्हणाली, आणि हात हलका केला. मग ते खरंच ओरडले. पोटभर ओरडले.

अलकनंदाबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे कोरडे केले, निऱ्या नीट केल्या, आणि दारात घाबरून उभ्या असलेल्या राजवीरकडे वळल्या. आवाज पुन्हा मेट्रनचा झाला होता.

"बिस्तर लगाइए," त्या म्हणाल्या. "इन्हें यहाँ तकलीफ है."