टाचेवरचा तीळ

रुखमाबाईच्या टाचेवरचा तीळ दोन वर्षांत मुगाएवढा होता तो चार आण्याच्या नाण्याएवढा झाला, आणि त्याची कडा वेडीवाकडी पसरली. राजुऱ्याला मास्तर लागलेला तिचा बी.एस्सी. मुलगा श्रीहरी तिला हट्टाने चंद्रपूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला एकटीलाच आत घेतलं, टाचेचा तुकडा काढून पायाला जाड पट्टी बांधली, आणि तुकडा तपासायला नागपूरला पाठवला.

दहाव्या दिवशी, पट्टी सुटायच्या आधीच, रिपोर्ट आला. श्रीहरीने डिक्शनरी उघडून एकेक इंग्रजी शब्द लावला. कॅन्सर नव्हता. पेशींत कसलाच दोष नव्हता. त्याला रडूच कोसळलं.

"मले काई होत नाई म्हटलं होतं नं?" रुखमाबाई हसली. "तूच पागल!"

डोळे पुसून त्याने सवयीप्रमाणे रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्यात 'भाजल्याचा जुना व्रण' असं लिहिलं होतं. तिळाचं नावच कुठे नव्हतं.

"माय, डाक्टरनं नेमकं काय कापलं?"

"टाचेवर काळे डाग लय, त्यातला कोणता वाढला म्हणून त्यानं इचारलं. पायात काटा मोडला तवा बिब्याचा चटका देल्ला होता, म्या तो डाग दाखवला."

"काऊन पण?"



"शकुनाचा तीळ कोणी कापू देते का रे? तू बी.एस्सी. झाला तवा उमटला, अन् तुले नोकरी लागली तवापासून वाढूनच राह्यला."