मेमरीची खराब पट्टी

सतराव्या मिनिटाला संगणकाच्या पडद्यावरच्या ओळी थांबल्या. देवूने कळफलकावरचं एक बटण दाबलं, मग दुसरं. काहीच हललं नाही.

"परत गोठला?" मॅनेजर साहेबांनी दारातूनच विचारलं.

"परत, साहेब."

साहेब निघून गेले. देवूने मुख्य बटण बंद केलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

सत्त्याण्णव साल होतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात लिनक्सवर चालणारा हा पहिलाच संगणक. गोडाऊनमधलं कुठलं पिंप कुठे गेलं याची नोंद त्यावर ठेवायची होती. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर सीडीवर आलं होतं, पण ते याच मशीनवर कंपाइल करून, म्हणजे चालण्याजोगं बनवून, घ्यावं लागणार होतं. तास-दीड तासाचं काम. आणि दर वेळी अर्ध्या वाटेत संगणक गोठून बसायचा.

देवूने सगळं करून पाहिलं. उष्णतेने होत असेल म्हणून झाकण काढून टेबलफॅन लावला. आतली रंगाची भुकटी ब्रशने झाडली. वायरी बदलल्या. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत धर्माजीकाका येऊन विचारायचे, "झालं काय रे मशीन?"

"नाय काका."

"होयल ना पण?"

देवूला त्यांच्याकडे बघवत नसे. धर्माजीकाका पालघरजवळच्या माहीमचे, त्याच्याच गावचे. बावीस वर्षं गोडाऊन सांभाळत होते. कुठलं पिंप कुठल्या रांगेत, हे त्यांना तोंडपाठ. देवूचा बाप बोटीवरून आजारी होऊन परतला आणि कायमचा अंथरुणाला खिळला, तेव्हा आई सुकी मासळी विकून घर चालवायची. धर्माजीकाकांनीच साहेबांकडे शब्द टाकून देवूला इथे चिकटवलं होतं. त्यांची बायको रखमाकाकी आजही डब्यात देवूसाठी दोन भाकऱ्या जास्तीच्या घालायची.

आणि पहिल्याच दिवशी साहेब बोलून गेले होते, "संगणक चालू झाला की धर्माजींना मोकळं करायचं. लवकर आटप."

त्यानंतर काकीची भाकरी देवूच्या घशाखाली उतरेना.

एका शुक्रवारी त्याने मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून ठेवली आणि कंपाइल सुरू केलं. मशीन रडतखडत चाललं, पण चाललं. पावणेदोन तासांनी काम पुरं झालं. दोष सापडला होता. काढलेली पट्टीच खराब होती.

देवूला साहेबांचं पहिल्या दिवसाचं बोलणं आठवलं. मग त्याने तयार झालेल्या सगळ्या फायली पुसल्या आणि खराब पट्टी पुन्हा जागेवर दाबून बसवली.

"आजपण नाय?" काकांनी विचारलं.

"आजपण नाय."

काकांनी मान खाली घातली. देवूला वाटलं, चला, म्हाताऱ्याला थोडा दिलासा.

असे तीन आठवडे गेले. साहेब चिडायचे, देवू नवनवी कारणं सांगायचा. खोटं बोलण्याची बोचणी होतीच, पण तो स्वतःला समजावायचा, आपण कुणाचं वाईट थोडंच करतोय? एका माणसाची भाकरी वाचवतोय.

चौथ्या सोमवारी अकराच्या सुमारास कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला. सगळे धावले. सरावलीचा चिंतू, टाकीवर काम करणारा, जमिनीवर पडून ओरडत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. गोडाऊनमधून सोड्याच्या जागी ॲसिडचं पिंप गेलं होतं. टाकीत ओतताच ते उसळून त्याच्या अंगावर आलं.

शनिवारी नवा माल उतरवताना हमालांनी काकांना न सांगता दोन रांगांची अदलाबदल केली होती. पिंप धर्माजीकाकांनी दिलं होतं.

माल उतरवतानाच रांगांची नोंद संगणकावर झाली असती तर हे घडलं नसतं, हे देवूला तिथल्या तिथे कळलं.

चिंतूला पालघरच्या इस्पितळात नेलं. दुपारी देवू पोचला, तेव्हा चिंतूची बायको मंगळी आत त्याच्या उशाशी बसली होती. बाहेरच्या बाकावर धर्माजीकाका एकटेच होते. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल, हातांचं काही सांगता येत नाही.

देवू काकांच्या पायाशी जमिनीवरच बसला.

"काका, चूक तुमची नाय. माझी हाय."

"तुजी कशी?"

"मशीनचा दोष मला कवाच सापडला होता. तीन आठवडे झाले. मीच मुद्दाम बंद ठेवलं."

काका त्याच्या आवाजाच्या दिशेने वळले. "कशापायी?"

"ते चालू झालं का साहेब तुमाला काढणार होते. तुमचं खाल्लंय मी, काका. मला ते बघवलं नसतं."

आतून चिंतूचं कण्हणं ऐकू येत होतं.

"मला कोन काढत नव्हतं, पोरा," काका म्हणाले. "मीच सायबाच्या पाया पडून मशीन मागितलं. म्हटलं, मला बागेत पानी घालायला लावा, पन गोडाऊनातून काढा. वरीस झालं, मला पिंपावरचं अक्षर दिसत नाय."

देवूने मान वर केली. "मग मला का नाय सांगितलंत?"

"सायब सांगणार होते. मीच नको म्हटलं. म्हटलं, देवूला माझी कीव येल, नि कीव आली का मानूस काम बिघडवतो."