उंबऱ्यावरची शिंक

उसाला तुरे आले की अंकिताच्या शिंका सुरू व्हायच्या. यंदा डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. म्हणाले, "रोज मार. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. आधीच सांगता येत नाही."

आज अंकिताला नको असलेल्या लग्नाची सुपारी फोडायला तिचे वडील लालासाहेब उंब्रजला निघाले. त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मागून अंकिता जोरात शिंकली. अपशकुन झाला म्हणून ते चरफडत परत येऊन बसले.

"न्हाईच की गुण आला त्या औषधाचा!"

"तुमी ह्या कामाला निघाला तर गुण कवाच यायचा न्हाई, आबा," अंकिता त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली.

स्प्रेनं तिच्या शिंका केव्हाच थांबल्या होत्या. मुठीत आत्यानं दिलेली चिमूटभर तपकीर होती.